विहीणबाईंचा १४ डॉलरचा कॅचर

अहो, ऐकलंत का? थांबा, तो पानं उडवायचा ब्लोअर आधी बंद करा, नाहीतर मला ओरडून सांगावं लागेल आणि थेट कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल. हं. या अशा कुंपणाजवळ. कोपऱ्यावरचे आपले बँकेतले भाऊजी आहेत ना, एक्सेलवाले, ते थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी बारा घरांना मिसळ करून घालणारेत. स्वतःच्या हातांनी! वहिनींनी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, अशी अट आहे. मटकी भिजत घालण्यापासून कटापर्यंत सगळं त्यांनी करायचं.

का म्हणून काय विचारता? शेवटचे आले ना! बारा टीममध्ये बारावे. आणि पहिलं कोण आलं ते विचारा. नको, विचारू नका, मीच सांगते, पण जरा दम धरा, मला तोंड गोड करून सांगायला वेळ लागतो. आमच्या विहीणबाई.

हसू नका हो. माझ्या तोंडाकडे बघून हसताय ते कळतंय मला.

तुम्ही सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेलात आणि इथलं सगळं महाभारत तुमच्याशिवाय झालं. सुरुवात झाली मार्चमध्ये, पाडव्याच्या आधीच्या रविवारी, आमच्या बेसमेंटमध्ये. मी भेळेचं पातेलं घेऊन खाली गेले तर अकरा पुरुष अकरा लॅपटॉप उघडून असे बसलेले, जणू कोणाचं ऑपरेशन चाललंय. फँटसी बेसबॉलचं ऑक्शन. प्रत्येकाकडे २६० डॉलर, खोटे हो, कागदावरचे, आणि त्यात २३ खेळाडू घ्यायचे. खरे खेळाडू तिकडे मैदानावर घाम गाळणार, आणि त्यांच्या होमरनांवर, त्यांनी चोरलेल्या बेसांवर हे इथे सोफ्यावर बसून जिंकणार. कष्ट त्यांचे आणि मिशीला पीळ यांचा.

हे खूळ मूळचं आपल्या शेजारचंच, न्यूयॉर्कचं. डॅनियल ऑक्रेंट म्हणून एक लेखक आहेत, त्यांनी १९८० मध्ये ते काढलं. ला रोटिसेरी फ्राँसेज नावाच्या हॉटेलात त्यांची मित्रमंडळी जेवायला जमायची, म्हणून खेळाचं नाव रोटिसरी. आणि गंमत म्हणजे ज्याने खेळ काढला तो स्वतः त्या लीगमध्ये एकदाही जिंकला नाही म्हणे! हे मी परवा बँकेतल्या वहिनींना मुद्दाम सांगितलं, जरा धीर यावा म्हणून. काही धीर आला नाही. ‘त्यांना मिसळ करायला लागत नव्हती,’ म्हणाल्या.

तर काय सांगत होते... हां, बारावी टीम. एक माणूस कमी पडत होता. आमच्या जावयांनी आपल्या आईला बसवलं. मला नाही विचारलं बरं का. मी भेळ कालवत होते.

यांची भाषा एकदा समजून घ्या, म्हणजे मजा येईल. पहिल्या वर्षी हे सगळे ‘स्लीपर, स्लीपर’ करत होते, तेव्हा मला वाटलं बेसमेंटची फरशी गार लागतेय, मी चपलांचे चार जोड नेऊन ठेवले. स्लीपर म्हणजे ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही, जो स्वस्तात मिळतो आणि पुढे घबाड देतो, तो खेळाडू. आणि बस्ट म्हणजे उलटं. मोठ्या बोलीने घ्यायचा आणि तो फुसका निघायचा. मला ते आपलं लग्नाच्या बस्त्यासारखं ऐकू येतं, आणि खरं सांगू, फार वेगळं नसतंही. दुकानातल्या दिव्याखाली शालू काय झळकतो, आणि घरी आणून उलगडला की...

असो. भाऊजींची तयारी बघायला हवी होती तुम्ही. जानेवारीपासून बसले होते. एक्सेलमध्ये इतक्या रकान्यांचा तक्ता की आडवा सरकवता सरकवता माउस टेबलावरून खाली पडला. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो, कुठल्या कोनात सुटतो, सगळं त्यात. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट बसवलंय ना, ते एकेका फटक्याचं माप काढतं. ताशी ९५ मैल किंवा त्याहून जोरात सुटला की तो हार्ड हिट. आणि त्यांचा लाडका शब्द म्हणजे बॅबिप. मला आधी वाटलं डाळीचा प्रकार आहे. आमच्या लेकाने समजावलं, बॅटला लागून मैदानातच राहिलेल्या दहा चेंडूंपैकी साधारण तीन हिट ठरतात. एखाद्याचे चार व्हायला लागले की समजायचं, बाबाला नशीब हात देतंय, पुढच्या वर्षी खाली येणार. दोनच होत असतील तर उलटं, बिचाऱ्याचे चेंडू नेमके फिल्डरच्या हातात जातायत, हाच घ्यावा.

आता हे काही खोटं नाही हो. मी चेष्टा करते, पण माणूस हुशार आहे. फक्त एक खोड आहे, आणि ती एकट्या भाऊजींची नाही, अकराही जणांची आहे. ऑक्टोबर आला की प्रत्येक जण म्हणतो, ‘मी म्हटलंच होतं.’ गेली चार वर्षं ऐकतेय मी. राग आला मला. म्हणून यंदा भेळ वाढता वाढता जो जे बोलला ते लिहून ठेवलं. कालनिर्णयच्या मार्चच्या पानावर. इथे दुधाचा नि पेपरचा हिशेब तर लिहायचा नसतो, चौकोन सगळे रिकामेच असतात. पेन्सिलने, बारीक अक्षरात, तारीख घालून. कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

बघा, भाऊजींच्या चौकोनात काय आहे. योर्डान अल्वारेझ, ह्यूस्टनचा, ‘यंदा याच्याइतका खात्रीचा बॅटर नाही.’ गनर हेंडरसन, बाल्टिमोरचा, आदल्या वर्षी ३७ होमरन, ‘चाळीस पार करणार.’ कॉर्बिन बर्न्स, पिचर, ॲरिझोनाने सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलर मोजून घेतलेला, ‘हा कधी आजारी पडत नाही.’ आणि मुकी बेट्स. तो तेव्हा नेमका आजारी होता. टोकियोला टीमबरोबर गेला नि पोटाच्या दुखण्याने खंगून परत आला. म्हणून चार डॉलर कमी पडले, तर भाऊजींचा चेहरा असा, की मंडईत शेवटची जुडी फुकट मिळाली. माझ्याकडून भेळ दोनदा मागून घेतली.

पुढचं ऐका. अल्वारेझचा हात दुखायला लागला मेच्या सुरुवातीला. आधी म्हणाले स्नायू आहे, मग निघालं फ्रॅक्चर. सबंध सीझनमध्ये ४८ सामने आणि सहा होमरन! हेंडरसन ३७ वरून १७ वर. बर्न्स अकरा सामने टाकून जूनमध्ये कोपराच्या ऑपरेशनला. आणि बेट्सच्या अंगात बराच काळ जीवच नव्हता, वीस होमरन आणि सरासरी .२५८. एकेक बातमी आली की भाऊजी संध्याकाळी फेरी मारायला निघायचे, मान खाली, हात मागे. मी खिडकीतून मोजायचे. ज्या दिवशी बर्न्सचं कळलं त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या.

कोणाच्या हाताचं हाड मोडणार हे एक्सेलला कुठून कळणार, ते मलाही मान्य आहे. पण हेंडरसनचं मी नाही ऐकून घेणार. एखाद्या पोराने एका वर्षी उंच उडी मारली की पुढच्या वर्षी तिथूनच वर उडी मारेल असं का धरून चालायचं? आमचा लेक सांगत होता, फ्रान्सिस गाल्टन म्हणून कोणी इंग्रज होता, त्याने १८८६ मध्ये लिहून ठेवलंय की फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण आईबापांइतकी नसतात, मधल्या मापाकडे सरकतात. मी म्हटलं, यात गाल्टन कशाला हवा, आपले जावई बघ की. व्याही सहा फूट आणि हे... जाऊ दे. चांगले आहेत हो जावई. स्वभावाने फार चांगले.

आता आमच्या ह्यांचं. हसायचं नाही. २०२४ ची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, रोनाल्ड अकुन्या. २०२३ मध्ये त्याने ४१ होमरन मारले आणि ७३ बेस चोरले, एमव्हीपी, म्हणजे लीगचा सगळ्यात मानाचा खेळाडू झाला, सगळी मतं त्यालाच. मग २०२४ ला जगातला प्रत्येक माणूस त्यालाच पहिला धरत होता, आणि यांनी पैज लावल्यासारखी बोली वाढवत नेऊन घेतला. मे महिन्यात पिट्सबर्गला बेसवरून परत वळताना पाय मुडपला आणि गुडघ्याची शीर गेली. ४९ सामने, चार होमरन. शिवाय त्याच टीमचा पिचर स्पेन्सर स्ट्रायडर, तोही यांच्याकडेच. त्याने दोन सामने टाकले आणि त्याचं कोपर गेलं. एका घरात एकदम दोन आजारी! दूधभात खाऊन झोपायचे हे महिनाभर.

त्यामुळे यंदा अकुन्याचं नाव निघालं तेव्हा बेसमेंटमध्ये सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं, आणि यांनी भेळेच्या पुडीकडे. सीझनच्या सुरुवातीला तो खेळणारही नव्हता. सोलापूरच्या काकांनी सतरा डॉलरला नेला. ह्यांनी मग उरलेल्या पैशांतून काय केलं असेल? त्याच अटलांटाने नवा आणलेला जुरिक्सन प्रोफार घेतला. आदल्या वर्षी एकतिसाव्या वर्षी एकदम २४ होमरन मारून बसला होता, आणि अटलांटाने त्याला तीन वर्षांचे ४ कोटी २० लाख डॉलर देऊ केले होते. हे उभे राहून म्हणाले, आहे माझ्याकडे लिहिलेलं, ‘हा माझा स्लीपर. बघाल तुम्ही सगळे.’

अहो, पाडव्याचं श्रीखंड फ्रीजमध्ये होतं अजून! पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला, बातमी आली. औषधाच्या चाचणीत सापडला, ८० सामन्यांची बंदी. सीझन सुरू होऊन चार दिवस झाले होते. मी वाटीत श्रीखंड देत होते, यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘साखर जास्त झालीय.’ साखर काही जास्त झाली नव्हती.

आणि तिकडे अकुन्या! मेच्या २३ तारखेला परत आला, आणि परत आल्यावर जो पहिला चेंडू बघितला तोच बाहेर. पहिलाच! काकांचा फोन आला नाही, काका तसे सभ्य आहेत. पण हे रात्री गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ उगाच गाडी पुसत होते.

काकांचं सांगायलाच हवं, कारण खरी अक्कल त्यांची. सत्तरच्या दशकात आलेले, न्यूयॉर्कात बेसबॉल बघतबघतच इंग्रजी शिकले म्हणतात. लॅपटॉप नाही. लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल. पद्धत एकच. गेल्या वर्षीच्या आकड्याला पाचाने गुणायचं, त्याच्या आदल्याला चाराने, त्याच्या आदल्याला तिनाने. बेरीज करून बाराने भागायचं, मग त्याला सगळ्यांच्या सरासरीकडे थोडं ओढायचं, आणि वय बघून एखाद-दुसरा वर-खाली करायचा. संपलं. आमचा लेक म्हणाला, ‘काका, याला नाव आहे, मार्सेल.’ टॉम टँगो नावाच्या आकडेवाल्याने ही पद्धत मांडली आणि माकडाचं नाव दिलं, टीव्हीवरच्या त्या फ्रेंड्समधल्या. माकडालाही जमेल इतकी सोपी, म्हणून. भाऊजी ते ऐकून इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी. काका काही बोलले नाहीत. शेव टिपून खात राहिले. दुसरे आले, माहितीये? बारा जणांत दुसरे.

ते म्हणतात, एका वर्षावरून मुलगी पसंत करू नये. बाल्टिमोरला म्हणे ब्रेडी अँडरसन होता, त्याने १९९६ ला अचानक ५० होमरन मारले. त्याआधी कधी २१ च्या वर नव्हता गेला, आणि नंतर कधी २४ च्या वर गेला नाही. ज्यांनी १९९७ ला त्याला पन्नासाच्या भावाने घेतलं त्यांची काकांना अजून कीव येते. पण लगेच म्हणतात, उलटंही होतं बरं. टोरोंटोचा होझे बाउतिस्ता, तोवर कधी १६ पलीकडे नाही, आणि २०१० ला एकदम ५४. पुढच्याही वर्षी ४३. तो खराच बदलला होता, उभं राहायची ढब बदलली होती. कोण खरा बदलला आणि कोणाला नुसता वारा लागला, हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, ‘वहिनी, ते कळलं असतं तर मी रिटायर होईपर्यंत पोस्टात काढली असती का?’

अगं बाई, विहीणबाई राहिल्याच की.

तर त्या बसल्या होत्या आमच्या सोफ्यावर, पैठणी टॉप घालून. ऑक्शनला! कॅचर घ्यायची वेळ आली. प्रत्येकाला कॅचर घ्यावाच लागतो, आणि चांगले कॅचर थोडेच असतात, म्हणून सगळे कुरकुरतात. नाव निघालं कॅल राली, सिॲटलचा. भाऊजींनी लगेच भाषण दिलं, कॅचरवर पैसे घालू नयेत, सबंध सामना उकिडवं बसून गुडघे मोडतात, विश्रांतीला बाहेर बसवतात, शिवाय हा सरासरी खाली ओढतो. यात चूक काहीच नव्हतं. आदल्या वर्षी ३४ होमरन होते, म्हणजे कॅचरच्या मानाने भरपूर. सगळ्यांना तो तेवढाच वाटत होता. तेवढ्यात विहीणबाईंनी विचारलं, ‘याला सगळे बिग डंपर का म्हणतात?’

शांतता. अकरा पुरुष छताकडे बघतायत. मग आमच्या लेकाने मान खाली घालून सांगितलं, की तो... म्हणजे मागच्या बाजूने... जरा भरलेला आहे. अहो, त्या बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागला! पदर नव्हता म्हणून, नाहीतर तोंडात कोंबला असता. ‘मग हाच द्या मला,’ म्हणाल्या. १४ डॉलर.

साठ. साठ होमरन मारले त्याने यंदा. कॅचरचा आधीचा विक्रम ४८ चा होता, साल्व्हादोर पेरेझचा. दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचा ५४ चा, १९६१ पासूनचा, तोही गेला. जुलैत होमरन डर्बी, म्हणजे नुसती होमरन मारायची स्पर्धा, जिंकला तेव्हा चेंडू टाकायला वडील आणि मागे कॅचरला धाकटा भाऊ. विहीणबाईंनी तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘संस्कार.’ मी अंगठा दिला. काय करणार?

आणि आता सगळे काय म्हणतात माहितीये? भाऊजी म्हणतात, ‘ताकद दिसतच होती त्याच्या आकड्यांत.’ जावई म्हणतात, ‘आईला मीच खूण केली होती.’ हे म्हणतात, ‘मी घेणारच होतो.’ कालनिर्णयमध्ये बघा तुम्ही. चौदाच्या पुढे एकाही माणसाने बोली लावली नव्हती. एकाने नाही! काकांच्या कागदावरसुद्धा तिशीतलाच आकडा होता, पण काका तो कागद दाखवतात, लपवत नाहीत.

परवा गुरुवारी एमव्हीपी जाहीर झाला तेव्हा मात्र माझ्या जिवाला जरा... नाही, वाईट वाटलं हो. यांकीजच्या एरन जजला मिळाला. पहिल्या पसंतीची मतं जजला १७ आणि रालीला १३. विहीणबाईंनी फोन करून मलाच विचारलं, ‘हे काय बरोबर झालं का?’ जणू मी मत दिलं होतं. मी म्हटलं, जजची सरासरी .३३१ होती ना, आणि त्यानेही ५३ मारले. एवढं म्हणाले फक्त, तर तिकडून ‘बरं’ असं आलं. ते ‘बरं’ तुम्हाला कळलं असेलच.

जावयांचं थोडक्यात सांगते. मेट्सवाले ना ते, त्यांनी हुआन सोटोला घेतलं, ७६ कोटी ५० लाखांचा गडी. १५ वर्षांचा करार. भाऊजी म्हणाले होते, आहे इथे लिहिलेलं, ‘होमरन मारेल, पण पळणार नाही, त्यामुळे तुम्हाला बेस चोरायला दुसरा माणूस बघावा लागेल.’ आणि ते बरोबरच होतं, त्याने आयुष्यात एका वर्षात १२ पेक्षा जास्त बेस चोरले नव्हते. एप्रिल-मे मध्ये तर लोकांनी त्याची हुर्यो केली. जावई तोंड लपवून असायचे. मग ४३ होमरन तर मारलेच, पण बेस चोरले ३८! नॅशनल लीगमध्ये त्याच्याहून जास्त कोणाचे नाहीत. पहिल्या बेसवरच्या कोचने म्हणे, पिचर कधी हलतो ते ओळखायला शिकवलं. शिवाय २०२३ पासून बेसच मोठे केलेत, १५ इंचांचे १८, आणि पिचरला उगाच वळूनवळून चेंडू टाकता येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ बेस चोरले गेले होते, त्या वर्षी ३,५०३. तरी सोटो पळेल असं कोणाला वाटलं होतं? जावयांना? विचारा त्यांना. ‘माझा अंदाज होता,’ म्हणतील.

पॉल स्कीन्सपण त्यांच्याकडेच. नऊ इनिंगला दोन धावासुद्धा देत नाही हो तो मुलगा, १.९७! लीगच्या उत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, एकमताने. आणि जिंकलेले सामने किती, तर दहा. हरलेलेही दहा. पिट्सबर्गवाले त्याच्यासाठी बॅटच उचलत नाहीत. कर्तबगार सून नि आळशी घर. जावई दर पाचव्या दिवशी फोनवर उसासे टाकायचे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती मी कुंपणापलीकडे जाऊ देणार नाही, तुम्हीही देऊ नका. आमच्या लेकाने भाऊजींना फसवलं. म्हणजे फसवलं नाही... व्यवहार केला. जुलैत, ऑल स्टारच्या सुट्टीत. लेकाकडे शिकागो कब्जचा पीट क्रो-आर्मस्ट्राँग होता. २०२४ मध्ये दहा होमरन, आणि यंदा जुलैच्या मध्यापर्यंतच २५, वर २७ बेस. गाव त्याच्या नावाने वेडं झालं होतं. आणि भाऊजींकडे एक नवखा होता, निक कर्ट्झ, ॲथलेटिक्सचा, एप्रिलअखेरीस वर आलेला. भाऊजी स्वतःच्या पायांनी चालत आमच्या दारात आले. मी चहा टाकला. लेक म्हणाला, ‘काका, माझं मन होत नाही हो त्याला सोडायचं.’ हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. लहानपणी बिस्किटं लपवायचा तेव्हाही असाच.

भाऊजी गेल्यावर मी विचारलं, तर म्हणतो, ‘आई, तो कुठल्याही बॉलला बॅट फिरवतो. पिचर आता त्याला चांगला बॉल देणारच नाहीत. विकायचा तर आजच.’ कर्ट्झ आमच्या घरी आला, क्रो-आर्मस्ट्राँग कोपऱ्यावर गेला. मला कसंसंच झालं. शेजारी आहेत, वर्षानुवर्षं मोदकांची देवाणघेवाण आहे.

श्रावण लागला तो दिवस. २५ जुलै, शुक्रवार. मी जिवतीचा कागद लावला, आणि रात्री उशिरा वरून लेकाची आरोळी! कर्ट्झने ह्यूस्टनला एका सामन्यात चार होमरन मारले. चार! सहा वेळा बॅटिंगला आला, सहाच्या सहा हिट. नवख्याने एका सामन्यात चार मारायची ही पहिलीच वेळ. आणि क्रो-आर्मस्ट्राँगने सुट्टीनंतरच्या सबंध सीझनमध्ये मिळून मारले सहा. त्या शनिवारी मी पुरणाचे दोन डबे कोपऱ्यावर पाठवले. वहिनींनी डबे घेतले, भाऊजी बाहेर आले नाहीत. डबे दुसऱ्या दिवशी धुऊन परत आले, पण रिकामे. आजवर कधी रिकामे आले नव्हते.

आता मात्र बोलणं सुरू झालंय हो. परवा कर्ट्झला रुकी ऑफ द इयर मिळालं, तेव्हा भाऊजींनी लेकाला मेसेज केला, ‘माल माझ्याच दुकानातला होता.’ मोठं मन आहे. पण खोड? काल फेरी मारताना काकांना गाठलं त्यांनी, आमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी, मी तिथेच पानं भरत होते. पुढच्या वर्षी राली किती मारेल म्हणाले. स्वतःच सांगितलं, नव्या एक्सेलमध्ये ५७ येतायत. काकांनी खिशातून पेन्सिल काढली, पाठकोरं काही सापडेना, तेव्हा माझ्या पानांच्या कागदी पिशवीवरच मांडलं. साठ पाचे तीनशे. चौतीस चोक एकशे छत्तीस. त्याच्या आदल्या वर्षी तीस, त्रिक नव्वद. पाचशे सव्वीस, भागिले बारा. ‘चव्वेचाळीस,’ काका म्हणाले, ‘आणि त्यातूनही चार-पाच कापा.’ भाऊजींचा चेहरा... अहो, येत्या मार्चमध्ये तीस डॉलर ठेवणार होते त्याच्यासाठी! मी ती पिशवी उचलायला दिली नाही. आत नेऊन ठेवलीय. पुढच्या सालचं कालनिर्णय यायचंय अजून, आलं की उतरवून घेईन.

हो, एक सांगायचं राहिलं. तुम्ही पुण्याहून येताना कांदा-लसूण मसाला आणलात ना? भाऊजी आज-उद्या मागायला येतील. मी सांगितलं असं म्हणू नका. आणि पाव किलोच द्या, बारा घरांची मिसळ असली तरी. तिखटाचा अंदाज त्यांचा नेहमी जास्तच असतो.